ऊन उतरल्यावर

आमचे घरमालक उन्हाळ्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला दुसऱ्यांच्या घरी पाणी प्यायला निघायचे. स्वतःच्या घरात दोन माठ काठोकाठ भरलेले असायचे. तरी डोक्याला दस्ती बांधून, पायांत चपला सरकवून ते बाहेर पडत. गल्लीच्या टोकापासून सुरुवात. एका घरी एक पेला, त्याहून जास्त नाही. पाणी तोंडात धरायचं, डोळे मिटायचे, सावकाश गिळायचं आणि मग माठाच्या पोटाला हाताची मागची बाजू लावून बघायची, तापल्या लेकराचं कपाळ बघतात तशी. "गार हाय," म्हणायचे, किंवा नुसतंच "हं." मग पुढचं घर. अशी सात घरं झाली की परत.

शिरूर अनंतपाळच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले आणि त्यांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिल्या महिन्यात माझं मत झालं की माणूस चिक्कू आहे, घरचं पाणी वाचवतो. दुसऱ्या महिन्यात मत बदललं. चिक्कू नाही, जरा सरकलेला आहे. तिसरं मत व्हायला दोन उन्हाळे लागले.

ते एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्य आमच्या भागातल्या एका मोठ्या स्टँडवर गेलं. गाड्या आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या आणि माईकवरून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं. गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. काकूसुद्धा शेजारणीशी बोलताना "कंट्रोलर जेवलेत," असंच म्हणायच्या. नोकरी सुटली पण सवय सुटली नाही. घराच्या दाराशेजारी त्यांनी एक काळा फळा ठोकला होता, आणि सात घरचं पाणी पिऊन आले की त्यावर खडूने लिहायचे. "आजची गाडी: बिदरकडून. वेळ: ४.४०." किंवा "आज गाडी नाही." नव्या माणसाला वाटायचं, घरासमोर एस.टी.चा थांबा आहे. मी राहायला गेले त्या आठवड्यात एक म्हातारी पिशवी घेऊन फळ्याखाली येऊन बसली होती. तिला उदगीरला जायचं होतं.

गाडी म्हणजे वादळ. विजा, वारा, पाऊस, क्वचित गारा.

त्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. मी एप्रिलच्या भर दुपारी सामान घेऊन आले होते. काकूंनी विचारलं, "मॅडम, सामान आत्ताच लावताव का?" मी म्हटलं, "आता नको काकू, ऊन उतरल्यावर लावते." आतल्या खोलीतून आवाज आला, स्टँडवरचा, खणखणीत.

"ते वाक्य ह्या घरात बोलायचं न्हाई."

"कोणतं?"

"आत्ता बोललाव ते."

काकूंनी मान खाली घातली. ओसरीवर त्यांची पुतणी तूरडाळ निवडत बसली होती, तिने हात थांबवला नाही. मी सामान तसंच उन्हात लावलं, घामाने चिंब होऊन आणि मनातल्या मनात शिव्या देत. आमच्या मराठवाड्यात सगळा उन्हाळा त्या एका वाक्यावर चालतो. दळण, बाजार, शेत, भेटीगाठी, सगळं ऊन उतरल्यावर. ते वाक्य सोडून बोलायचं म्हणजे मीठ न घालता स्वयंपाक करण्यातला प्रकार. पण घर चांगलं होतं, पाणी रोज यायचं. मी "पाच वाजता" म्हणायला शिकले.

माठाचं कोडं मला खरं तर पहिल्याच दिवशी सुटायला हवं होतं, कारण बाष्पीभवन मी सातवीला शिकवत होते. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं आणि उडताना आतलं पाणी गार करतं. हवा कोरडी असेल तर माठ थंडगार. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर पाझरलेलं पाणी उडत नाही, माठ नुसता भिजून बसतो आणि पाणी कोमट. म्हणजे हा माणूस सात घरचं पाणी पिऊन हवेतला ओलावा मोजत होता. एकाच घरी का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एकाचा माठ जुना ऱ्हातोय, एकाचा उन्हात ऱ्हातोय. एका कंडक्टरचं ऐकून गाडी लेट लावत नसतेत."

नुसत्या उन्हाने वादळ येत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी विज्ञानाची पदवीधर, तरी ऐकून घेतलं, कारण ते माझ्यापेक्षा बरं सांगत.

"ऊन म्हंजी डिझेल. वाफ म्हंजी पॅसेंजर. नुसतं डिझेल भरून गाडी सुटती का? कोरडं ऊन कितीबी पडू द्या, माठ गार ऱ्हाईल आन् आभाळ निळं. पर एवढं तापलेलं असताना समुद्राकडची वाफ आली, की भरली गाडी. पैलेबी वळीव यायचाच की. पर पैले टाकी अर्धी असायची. आता रोज उन्हाचा नवा हिसका. टाकी वरपर्यंत भरलेली. मग गाडी सुटली की ती कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई."

"म्हणजे हवामान बदललं, असं म्हणायचंय तुम्हाला."

"एक दिवस गाडी लेट आली तर ड्रायव्हरला बोलावं, मॅडम. रोजच लेट यायली, फेब्रुवारीत गारा आन् दिवाळीला विजा यायल्या, तर मग येळापत्रकच बदललंय म्हणायचं. लोक अवकाळी म्हणतेत. अवकाळी काय? तुमच्या हातात जुनं येळापत्रक हाय."

मोबाईलवरच्या इशाऱ्यांवर त्यांचा राग होता. "तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस," असा निरोप आला की माझ्यासमोर फोन धरायचे. "तुरळक ठिकाणी ही गाडी कोणत्या फलाटाला लागती, सांगा की." 

त्यांचंही सगळं बरोबर यायचं असं नाही. खूपदा चुकायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी फळ्यावर गाडी असली की ते तीन वाजताच गळ्यातली शिट्टी वाजवत बाजारात शिरायचे. झाडाखाली बसू नका, पत्र्याचा पाल सोडा, पक्क्या घरात जा नाहीतर गाडीत बसा, काचा लावा आणि लोखंडी दांड्याला हात लावू नका. भाजीवाल्या बायका तोंडावर शिव्या द्यायच्या. संध्याकाळी आभाळ लख्ख असायचं. दुसऱ्या दिवशी पोरं विचारायची, "कंट्रोलर, कालची गाडी कुठं अडकली?" ते शांतपणे सांगायचे, "रद्द झाली. गाडी रद्द होती म्हणून स्टँडवर यायचं सोडतेत का?" त्यांना लाज अशी कधी वाटली नाही. घरातल्या बायकांना वाटायची.

घरात तिघी होत्या. काकू, त्यांची विधवा जाऊ आणि त्या जावेची एकुलती मुलगी, म्हणजे ती डाळ निवडणारी पुतणी. कंट्रोलरांना स्वतःचं मूल नव्हतं, हिलाच त्यांनी वाढवलं. कॉलेज संपवून ती घरीच स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची, गणित अडलं की माझ्याकडे यायची. कमी बोलायची, डोकं तल्लख. एकच गोष्ट मला विचित्र वाटायची. अलीकडे आमच्याकडच्या लग्नांत मेव्हण्या नवरदेवाचे बूट लपवतात आणि त्यावरून तासभर खिदळणं चालतं. ते सुरू झालं की ही उठून जायची. एकदा तर एका लहान मुलीच्या हातातून बूट हिसकावून तिने होते तिथे नेऊन ठेवले. मी म्हटलं, स्वभाव गंभीर आहे, दुसरं काय.

तिला देगलूरचं स्थळ आलं. मुलगा शेतीमालाच्या व्यापारात, शांत, चेहऱ्यावरून समंजस. बोलणी करायला मुलाचे मामा आले होते. मोठ्या आवाजाचा, मानापानाचा माणूस. सगळं जुळलं आणि वेळेवर अडलं. लग्न मे महिन्यातलं. कंट्रोलर म्हणाले, "सकाळी पावणेनवाला लावू."

"सकाळी? आमची माणसं काय पाटे तीनला उठून देगलूरहून निघतील? कामून असं करून राहिलाव, कंट्रोलर साहेब?"

"मग दुपारी."

"दुपारी म्हातारी माणसं उन्हानं पडली तर जिम्मेदारी कुणाची? सांच्याला साहाला पस्तीसचा मुहूर्त हाय. समदे सांच्यालाच लावतेत आता."

हे खरं होतं. पूर्वी आमच्याकडे लग्नं दुपारी साडेबाराची असायची. ऊन सोसवेनासं झालं तशी ती संध्याकाळवर गेली, शेतातली कामंही चारच्या पुढे गेली. कंट्रोलरांचं दुखणं नेमकं हेच होतं. "अकरा ते चार ऊन मारतंय म्हणून माणूस चारला भाईर निघतोय," ते मला अनेकदा म्हणाले होते, "आन् चार ते सात विजेची येळ. एका गाडीखालून निसटायचं आन् दुसऱ्या गाडीपुढं जाऊन थांबायचं." पण मामांना वाटणारी म्हाताऱ्यांची काळजीही खोटी नव्हती. ऊन खरंच मारत होतं.

कंट्रोलर हो म्हणेनात. बैठक इतकी लांबली की मामांनी टोपी हातात घेतली. तेव्हा आतल्या दारातून पुतणी म्हणाली, "आप्पा, सांच्यालाच ठेवा. ऊन..." आणि थांबली.

कंट्रोलरांनी तिच्याकडे पाहिलं. "ठेवा," म्हणाले. आणि उठून पाणी प्यायला बाहेर पडले. त्यांची पाणी प्यायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कुरडया घालताना काकूंनी मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"आमचे भावजी शेताकडं निघाले व्हते, मॅडम. धसकटं येचायची व्हती. भर दुपार. ह्यांची त्या दिवशी सुट्टी. ह्यांनी दारात आडवलं. म्हणले, उन्हात मरतो का, ऊन उतरल्यावर जा. आन् आत येऊन झोपले. भावजी चारला गेले. सव्वापाचला बांधावरच्या लिंबाखाली वीज..." त्यांनी सोऱ्याची मूठ फिरवली, एक कुरडई पुरी केली. "पोर ल्हान व्हती. तिला ह्यातलं काय ठाऊक न्हाई. आई तिची बोलत न्हाई, आमी कुणी सांगितलं न्हाई. तुमीबी बोलू नका."

मी बोलले नाही. पण त्या दिवसापासून मला त्या फळ्याकडे बघून हसू यायचं बंद झालं. माझं तिसरं मत ते हे.

लग्नाचा मांडव शाळेच्या मैदानात पडला. वर पत्रे, खाली लोखंडी पाइप, चारी बाजूंनी झालरी. तीन दिवस आधी कंट्रोलर मला म्हणाले, "मॅडम, शाळेच्या खोल्यांच्या किल्ल्या पायजेत." पाहुण्यांचं सामान ठेवायला, असं सांगून मी हेडसरांकडून त्या आणल्या. खोटं बोलले.

लग्नादिवशी देगलूरहून दोन लाल गाड्या भरून वऱ्हाड आलं, लग्नासाठी ठरवलेल्या एस.टी.च्याच, आणि नवरदेवाची फुलांनी सजवलेली पांढरी कार. दुपारचे दोन वाजले होते. मामा जानवशाच्या खोलीतून कपाळ पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "तुमचे कूलर कसले हो? नुसते चिकचिक करून राहिलेत, गार काय होईना." मी कंट्रोलरांकडे पाहिलं. कूलर आणि माठ एकाच तत्त्वावर चालतात. ते सकाळपासून सात नाही, पंधरा घरी पाणी पिऊन आले होते. नवा सदरा पोटावर ताणला गेला होता.

"कोमट?" मी विचारलं.

"सगळीकडं. लई कोमट." फळ्यावर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. मुलीच्या लग्नात कुठे लिहितो, म्हणाले.

आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जाऊन येतो, त्याला परण्या म्हणतात. साडेचारला परण्या निघायचा होता. घोडा आला, बँडवाल्यांनी ढोल तापवले, मांडवात माणसं मावेनात. आणि माईकवरून तो स्टँडवरचा आवाज आला.

"प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. परण्या निघणार नाही. चार चाळीसला वादळ अपेक्षित आहे. मांडव ताबडतोब रिकामा करावा. बायामाणसं, लेकरं शाळेच्या खोल्यांत. बाकीच्यांनी गाड्यांत बसून घ्यावं."

आधी हशा झाला. वर ऊन होतं, पांढुरकं, डोळ्यांत खुपणारं. मग त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि तिसऱ्यांदा. आमच्या गावच्या लोकांना सवय होती, बायका कुरकुरत खोल्यांत गेल्या. वऱ्हाड मात्र तापलं.

"परवाशी?" मामा ओरडले. "वऱ्हाडाला परवाशी म्हणून राहिला हा माणूस? परण्या अडवतोय? चला रे, बसा गाडीत. असल्या घरची पोरगी आपल्याला करायची न्हाई. चला देगलूरला."

आणि सगळं वऱ्हाड, नवरदेवासकट, तरातरा जाऊन गाड्यांत बसलं. कंट्रोलरांना हवं होतं तेच झालं, पण असं नको होतं.

मामांनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं. कंट्रोलर पहिल्या गाडीच्या दारात जाऊन उभे राहिले. दोन्ही ड्रायव्हर त्यांच्या स्टँडवर वर्षानुवर्षं गाड्या लावलेले. "माझी शिट्टी झाल्याबिगर गाडी हलणार न्हाई," ते एवढंच म्हणाले. ड्रायव्हरने किल्ली परत फिरवली.

"गाडी आमी ठरवलीय!" मामा.

"साहेब न्हाई म्हणतेत, मामा," ड्रायव्हर म्हणाला, "तर मग न्हाई."

चार चाळीस झाले. पाच वाजले. पान हलत नव्हतं. गाड्यांत माणसं घामाने निथळत बसली होती, कुणी पंख्यासारखी पत्रिका हलवत होतं, कुणी उघड शिव्या देत होतं. सव्वापाचला दक्षिणेकडे ढग दिसला, पण लांब, कुणा दुसऱ्याच गावावरचा. बँडवाले मांडवात परत येऊन पाय पसरून बसले. आचारी तर कढईपाशीच होता. खरं सांगायचं तर मला त्या वेळी कंट्रोलरांची लाज वाटली आणि रागही आला. डोळ्यांदेखत मुलीचं लग्न मोडत होतं आणि हा माणूस अजून ड्युटीवर असल्यासारखा दारात ताठ उभा.

साडेपाच होऊन गेल्यावर पुतणी खोलीतून बाहेर आली. शालू सावरत, मुंडावळ्या मागे सारत ती एकटीच मैदान ओलांडून गाडीकडे निघाली. तिची आई उठेना, म्हणून मी मागे गेले. ती पायरीवर चढली.

"आप्पा, हात जोडते. त्यांना मांडवात येऊ द्या. रद्द झाली म्हणा आजची."

"न्हाई, माय."

"समदे बघायलेत. मामा निघालेत. लग्न मोडायलंय माझं. आन् आता ऊन उतरलंय, काय व्हतंय?"

ते वाक्य झालंच. मला वाटलं, आता ते ओरडतील. त्यांनी दारातला दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, जो धरू नका म्हणून ते तासभर सगळ्यांना सांगत होते.

"तुझ्या बापाला मी हेच म्हणलो व्हतो," ते म्हणाले. "त्या दिवशी. ऊन उतरल्यावर जा म्हणलो. माझ्या शब्दानं गेला तो."

ती काही बोलायच्या आत वारा आला. पहिला झोत गार होता, एकदम गार, आणि त्याला ओल्या मातीचा वास होता. मांडवाच्या झालरी आडव्या झाल्या. कंट्रोलरांनी दांडा सोडला, आम्हा दोघींना दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. बँडवाले ढोल टाकून शाळेकडे पळाले. मग टपावर एक आवाज झाला, धोंडा पडल्यासारखा, मग दुसरा, मग मोजण्यापलीकडे. लिंबाएवढ्या गारा. समोरच्या पांढऱ्या कारची काच फुटलेली दिसली, तिचा आवाजही आला नाही, टपावर एवढं बडवत होतं.

त्या आवाजात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागत होतं. म्हणून पुतणी जे बोलली ते सगळ्या गाडीने ऐकलं.

"मला ठाव हाय, आप्पा. मी उंबऱ्यावर बसले व्हते."

कंट्रोलर तिच्याकडे वळले.

"तुमी म्हणलाव आन् आत गेलाव. तरी बाबा निघालेच व्हते. मीच चपला लपवल्या त्यांच्या. कणगीच्या मागं. आप्पा म्हणतेत तर ऐकावं म्हणून. बाबांनी घरभर हुडकल्या, हसले आन् पडून ऱ्हायले. चारला मीच काढून दिल्या. पायात बी मीच घातल्या."

नंतर एक वीज इतकी जवळ पडली की उजेड आणि आवाज एकदमच आले. गाडीभर माणसांनी डोकी गुडघ्यात घातली. कंट्रोलर तसेच उभे होते. मी त्यांना दोन वर्षं ओळखत होते, पण तो चेहरा मी पाहिलेला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तिथे जागाही नव्हती.

"लेकरू व्हतीस तू," ते शेवटी म्हणाले. "उन्हाच्या भ्यानं केलंस."

"तुमीबी उन्हाच्या भ्यानंच म्हणला व्हताव ना?"

कंट्रोलर सीटच्या पाठीवर हात टेकून हळूहळू खाली बसले. नवरदेव उठला. सगळ्यांसमोर पहिल्यांदाच तिच्याशी बोलला. "खिडकीपाशी नका थांबू," म्हणाला, "इकडं मधी बसा." मामांनी तिच्या बाजूची काच मुकाट्याने ओढून लावली.

अर्धा-पाऊण तास ते चाललं. थांबलं तेव्हा मैदान पांढरं झालं होतं. मांडव होता तिथे पत्रे वाकून खुर्च्यांवर बसले होते, पाइप एकमेकांत अडकले होते. आचारी टेबलाखालून निघाला, डोक्याला टेंगूळ आणि हातात झारा. मामा गाडीतून उतरले. पडलेल्या मांडवाकडे, मग खुर्च्यांच्या त्या रांगांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"कंट्रोलर साहेब," ते म्हणाले, "टाइम चुकला तुमचा. चार चाळीस म्हणलाव तुमी."

"लेट झाली," कंट्रोलर म्हणाले.

लग्न सव्वासातला शाळेच्या व्हरांड्यात लागलं. मुहूर्त कधीच टळला होता, भटजींनी दुसरा काढला. अक्षता भिजल्या होत्या, त्या नवरानवरीच्या अंगाला चिकटून बसल्या. भाताला वाफेचा वास होता आणि पंगतीत लोक ताटातल्या बुंदीत गार शोधत होते. मंगलाष्टकं चालू असताना दोन करवल्यांनी नवरदेवाचे बूट पळवून माझ्या मागे, शाळेच्या घंटेखाली ठेवले. मी नवरीकडे पाहिलं. तिला दिसलं होतं. ती हसत होती.

ती वीज मैदानापलीकडच्याच शिवारात पडली होती, एक बांधलेला बैल गेला होता. तो निरोप पंगतीतच आला. कंट्रोलरांनी एवढंच विचारलं, "माणूस न्हाई ना?" आणि मग, सवयीने, "किती वाजता?"

पांढऱ्या कारची काच गेलेली, तेव्हा नवरीची पाठवणी लाल गाडीतूनच करायची ठरली. पुढच्या सीटवर चादर घातली. गळाभेटी झाल्या, रडणं झालं, तिच्या आईला दोघींनी धरून बाजूला नेलं. दार लागलं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि आरशात पाहिलं. शिट्टीशिवाय गाडी हलणार नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि तो हुकूम अजून कुणी मागे घेतला नव्हता.

कंट्रोलर गाडीशेजारी उभे होते. शिट्टी ओठांत धरलेली होती. ती वाजेना.

"अवो, सोडा की आता," काकू म्हणाल्या.

त्यांनी शिट्टी काढली, पुसली, पुन्हा ओठांत धरली. गाल फुगले. नुसती हवा आली. मामा खिडकीतून बघत होते, पण या वेळी ते ओरडले नाहीत. इंजिन घरघरत राहिलं.

मग आत छताखालची घंटीची दोरी कुणीतरी ओढली. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी वर पाहिलं. दोरीवर हिरव्या चुड्याचा हात होता. ड्रायव्हरने गिअर टाकला आणि गाडी गारांवरून कचकच करत निघाली.